झेड८०च्या बोर्डवर जागा वाढवायची कशी : कार्ड, इमेज आणि आठ एमबीचा हिशोब

मोबाइलमध्ये मोठं कार्ड घातलं की जागा वाढते. घरी जोडलेल्या, झेड८० या जुन्या ८ बिट प्रोसेसरच्या बोर्डवर तसं होत नाही. २ जीबीचं कार्ड काढून ३२ जीबीचं घातलं तरी 'स्टॅट' ही आज्ञा जुनाच आकडा दाखवते आणि नवा माणूस समजतो, कार्ड डुप्लिकेट निघालं. बहुतेक वेळा कार्ड चांगलंच असतं. जागा अडते ती सीपी/एम या बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशोबात.

ज्यांचा बोर्ड जोडून झालाय, टर्मिनलवर 'ए' ड्राइव्हचा प्रॉम्प्ट येतोय आणि आता दोन-चार खेळ, एखादा पास्कल कंपायलर, स्वतःचे प्रोग्राम ठेवायला जागा पुरत नाही, त्यांच्यासाठी हा लेख. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर अर्थातच ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी हिशोब समजून घ्या

गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम १९७४ मध्ये लिहिली. आपल्या बोर्डांवर सर्वांत जास्त चालते ती २.२ ही आवृत्ती १९७९ची. तेव्हा डिस्क म्हणजे फ्लॉपी, आणि फ्लॉपीत काहीशे केबी मावले तरी चैन. सीपी/एम डिस्कवरचा मजकूर १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजते, त्या तुकड्याला रेकॉर्ड म्हणतात. एका ड्राइव्हवर २.२ जास्तीत जास्त ६५,५३६ रेकॉर्ड मोजू शकते. गुणाकार करा : ८३,८८,६०८ बाइट, म्हणजे बरोबर ८ एमबी. त्यापुढचं तिला दिसतच नाही. ड्राइव्हची अक्षरं ए ते पी, म्हणजे १६. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. एका वेळी १२८ एमबी, बस. शंभर एकरांत वाडा बांधला तरी वाड्याचे खण सोळाच, असं हे गणित आहे. १६ जीबीच्या कार्डावर ही जागा एक टक्काही भरत नाही.

म्हणून 'जागा वाढवणे' याचा आपल्या कामातला अर्थ असा : रिकाम्या पडलेल्या अक्षरांना ड्राइव्ह जोडून देणे, सोळाच्या पलीकडे ड्राइव्ह लागले तर ते आलटून पालटून वापरणे, आणि आहे त्या ८ एमबीत जागा वाया जाऊ न देणे. सीपी/एम ३ मध्ये एक ड्राइव्ह ५१२ एमबीपर्यंत नेता येतो, पण बोर्डाच्या बायोसने (सीपी/एमचा हार्डवेअरशी बोलणारा भाग) ते उचललेलं असलं तरच. हौशी बोर्डांवर सीपी/एम ३ सुद्धा बहुधा ८ एमबीच्याच ड्राइव्हवर बसवलेली असते. त्यामुळे केवळ जागेसाठी आवृत्ती बदलायच्या नादी लागू नका.

तुमचा बोर्ड कोणत्या जातीचा?

इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून पाच मिनिटं द्या. बोर्डातलं कार्ड काढून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घाला आणि काय दिसतं ते बघा.

कार्डावर नेहमीसारख्या फाइली दिसल्या, आणि त्यात डीएसके या शेपटीच्या, प्रत्येकी सुमारे ८ एमबीच्या बऱ्याच फाइली असल्या, तर तुमचा बोर्ड इमेज-फाइलवाला. झेड८०-एमबीसी२ हा या जातीचा लोकप्रिय बोर्ड. झेड८०च्या शेजारी एक एटमेगा३२ए चिप असते, ती कार्ड सांभाळते आणि झेड८०ला ड्राइव्हचा आभास करून देते. एक फाइल म्हणजे एक ड्राइव्ह.

विंडोजने 'डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही' अशी खिडकी उघडली, तर कार्ड कच्च्या मांडणीचं, म्हणजे त्यावर विंडोजला कळणारी फाइलींची मांडणीच नाही. ग्रँट सर्ल यांच्या नऊ चिपांच्या झेड८० संगणकाची मांडणी अशी असते, आणि आरसी२०१४ या हौशी झेड८० बोर्डवर तीच सीपी/एम चालवणारेही आहेत. ती खिडकी दिसली की 'कॅन्सल' दाबा. सवयीने 'फॉरमॅट' दाबलंत तर होतं नव्हतं ते गेलं.

कार्डावर एक साधा फॅट (विंडोजला वाचता येणाऱ्या मांडणीचा) विभाग दिसतो पण सीपी/एमच्या फाइली कुठेच दिसत नाहीत, आणि बोर्ड चालू होताना टर्मिनलवर रोमडब्ल्यूबीडब्ल्यू हे नाव येतं, तर तिसरी जात. वेन वॉर्थेन यांनी उभं केलेलं हे फर्मवेअर (बोर्डाच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम) आरसी२०१४ आणि त्याच्या भाऊबंदांवर चालतं. जागा वाढवायला सर्वांत मोकळं हेच.

कार्ड कोणतं घ्यावं

संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल गल्लीत जा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, उत्तर एकच मिळतं : "बत्तीसच्या खाली आता काय ठेवतच न्हाई, चौसष्ट घ्या की." चौसष्ट घेऊ नका. त्याचं कारण साधं आहे. २ जीबीपर्यंतची कार्डं एसडी या मूळ वर्गातली, ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी, त्यापुढची एसडीएक्ससी. एसडीएक्ससी कार्ड कारखान्यातून एक्सफॅट मांडणीत येतं आणि आपल्या बोर्डांच्या छोट्या फर्मवेअरला एक्सफॅट वाचता येत नाही. १६ किंवा ३२ जीबी मिळालं की झालं.

उलट बाजूनेही एक गोम आहे. काही जुन्या फर्मवेअरना फक्त २ जीबीपर्यंतचंच कार्ड कळतं. मूळ एसडी कार्डाला पत्ता बाइटमध्ये द्यावा लागतो, एसडीएचसीला ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. हा फरक न ओळखणारं फर्मवेअर मोठ्या कार्डाचा पहिला ब्लॉक बरोबर वाचतं, कारण शून्य दोन्हीकडे शून्यच, आणि पुढे भलतीकडेच जातं. 'कार्ड ओळखलं जातं पण बूट होत नाही' असं दिसलं तर आधी फर्मवेअरची आवृत्ती बघा.

कॉम्पॅक्ट फ्लॅश वापरणाऱ्या बोर्डांचं प्रकरण निराळं. ही ५० छिद्रांची जाड कार्डं १९९४ पासूनची. आपल्या कामाला ती का बरी पडतात, तर ती ५ व्होल्टवर चालतात आणि ८ बिटच्या डेटा बसवर बोलू शकतात. झेड८०ला दोन्ही सोयीचं. आता ती मोबाइलच्या दुकानात मिळायची नाहीत. पण जालना, परभणी, बीड अशा कुठल्याही गावातला जुना फोटो स्टुडिओ गाठा. कॅननचे ४००डी, ५०डी यांसारखे लग्नसराईत राबलेले कॅमेरे हीच कार्डं वापरत, आणि १, २, ४ जीबीची कार्डं तिथल्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात. कार्ड घेताना कॅमेऱ्यात घालून चालवून बघा आणि त्यावर कुणाच्या लग्नाचे फोटो राहिले असतील तर मालकाला आधी विचारा. एसडीला कॉम्पॅक्ट फ्लॅश बनवणारे अडॅप्टर शक्यतो टाळा. त्यांतले बरेच ८ बिटच्या पद्धतीला दाद देत नाहीत.

नव्या कार्डाची परीक्षा लॅपटॉपवरच घ्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. ३२ जीबी लिहिलेलं आणि आत ४ जीबी असलेलं कार्ड आपल्याकडे सर्रास गळ्यात मारलं जातं. गंमत म्हणजे आपल्याला १२८ एमबीच हवे असल्याने असं खोटं कार्डही बरेच दिवस चालल्यासारखं वाटतं. तरी ते नकोच.

आधी नक्कल, मग काम

इमेज-फाइलवाल्या कार्डाची नक्कल सोपी : सगळ्या फाइली लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवा, फोल्डरला तारखेचं नाव द्या.

कच्च्या आणि रोमडब्ल्यूबीडब्ल्यूच्या कार्डाची फाइलवार नक्कल होत नाही, पूर्ण कार्डाची इमेज घ्यावी लागते. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर उघडा, वर नव्या फाइलचं नाव द्या, ड्राइव्ह निवडा आणि 'रीड' दाबा. 'राइट' नव्हे. लिनक्सवर डीडी वापरता येतं, पण आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन कार्डाचं नाव आकारावरून ओळखा. डीडीला चुकीचं नाव दिलं तर ते विचारत बसत नाही, लॅपटॉपची हार्ड डिस्क पुसून मोकळं होतं.

कार्ड काढताना-घालताना बोर्डाचा करंट बंद हवा. अनेक बोर्डांवर चालू वीजपुरवठ्यात कार्ड बदलण्याची सोय केलेली नसते.

इमेज-फाइलवाला बोर्ड : नवा ड्राइव्ह जोडणे

झेड८०-एमबीसी२ धरून सांगतो. इमेजच्या नावात सगळी माहिती असते. 'डीएस', मग संचाचा आकडा, मग 'एन', मग ड्राइव्हचा दोन आकडी क्रमांक, आणि शेपटी 'डीएसके'. संच ० म्हणजे सीपी/एम २.२. ड्राइव्ह ए म्हणजे ००, बी म्हणजे ०१, सी ०२, असं करत पी म्हणजे १५. कार्डावर जे आकडे नाहीत, तेवढे ड्राइव्ह तुमचे रिकामे आहेत.

नवं कार्ड वापरणार असाल तर आधी ते एसडी असोसिएशनच्या 'एसडी कार्ड फॉरमॅटर'ने फॉरमॅट करा. विंडोजच्या साध्या फॉरमॅटपेक्षा हा बरा, आणि त्याला कारण आहे. या बोर्डाचं फर्मवेअर पेटिट फॅटएफएस नावाची अगदी छोटी लायब्ररी वापरतं. तिला फाइलमध्ये मागच्या जागी जायचं असलं की ती फाइलची साखळी पहिल्या कडीपासून मोजत जाते. एकेक कडी म्हणजे क्लस्टर, कार्डावरच्या जागेचा एक तुकडा. ४ केबीच्या क्लस्टरवर ८ एमबीच्या फाइलची साखळी २,०४८ कड्यांची होते, ३२ केबीच्या क्लस्टरवर २५६. एसडीएचसी कार्डाला हा फॉरमॅटर ३२ केबीचेच क्लस्टर देतो. विंडोजचंच वापरायचं असेल तर 'अलोकेशन युनिट साइज' मध्ये ३२ केबी स्वतः निवडा.

याच लायब्ररीचा दुसरा स्वभाव त्याहून महत्त्वाचा : तिला नवी फाइल बनवता येत नाही आणि असलेली फाइल वाढवताही येत नाही. असलेल्या फाइलीत लिहिणं एवढंच तिला जमतं. म्हणजे बोर्ड स्वतःहून ड्राइव्ह तयार करणार नाही, आणि अर्धवट आकाराची इमेज ठेवलीत तर ती नंतर वाढणार नाही. पूर्ण ८३,८८,६०८ बाइटची फाइल लॅपटॉपवरच तयार करून कार्डावर ठेवायची.

ती तयार करायची कशी? इथे बहुतेक लिनक्सवाले हमखास फसतात. शून्यांनी भरलेली ८ एमबीची फाइल करतात आणि बोर्डात टाकतात. सीपी/एमच्या डिरेक्टरीत, म्हणजे ड्राइव्हवरच्या फाइलींच्या यादीत, रिकाम्या ओळीची खूण शून्य नाही. ती सोळा-आधारी 'ई५' आहे, आठ इंची फ्लॉपी फॉरमॅट झाल्यावर तिच्यावर हाच बाइट भरलेला असायचा तेव्हापासूनची. शून्य म्हणजे 'वापरकर्ता ० ची फाइल'. त्यामुळे शून्यांची इमेज सीपी/एमला नावं नसलेल्या फाइलींनी गच्च भरलेली दिसते.

सोपा आणि बिनघोर मार्ग असा :

१. लॅपटॉपवर संच ० मधली, ए सोडून दुसरी एखादी इमेज घ्या, समजा ०१. ए-ची घेऊ नका. तिच्या सुरुवातीला सिस्टिमसाठी ट्रॅक राखलेला असतो, डेटाच्या ड्राइव्हची मांडणी तशी नसते.

२. तिची नक्कल करून नाव बदला. डी ड्राइव्ह हवा असेल तर क्रमांक ०३. 'कॉपी' किंवा 'नक्कल १' अशी शेपटी विंडोज लावतं ती काढा, आणि फाइलच्या शेपट्या लपवायचा पर्याय बंद आहे ना ते बघा. नाहीतर फाइलला दोन शेपट्या लागतात आणि तुम्हाला एकच दिसते.

३. फाइल कार्डाच्या मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको. 'इजेक्ट' करूनच कार्ड काढा.

४. बोर्ड चालू करा, 'डी:' टाइप करून त्या ड्राइव्हवर जा, 'डिर' द्या. बी ड्राइव्हवरच्याच फाइली दिसतील. घाबरू नका, नक्कलच आहे ती.

५. प्रॉम्प्टमध्ये डी आहे याची खात्री करून 'ई-आर-ए' आणि पुढे तारा-टिंब-तारा द्या. 'ऑल' असं विचारेल, वाय दाबा. ड्राइव्ह रिकामा.

अशी एक कोरी इमेज तयार झाली की कार्ड लॅपटॉपवर आणून तीच बाकीच्या क्रमांकांना वाटा, म्हणजे प्रत्येक ड्राइव्ह पुन्हा पुसावा लागत नाही. एका संचाची इमेज दुसऱ्या संचात मात्र टाकू नका. सीपी/एम ३ किंवा यूसीएसडी पास्कलच्या संचाची मांडणी वेगळी असू शकते.

नसलेल्या ड्राइव्हवर गेलात तर सीपी/एम 'सिलेक्ट' अशी चूक दाखवते. कधीकधी कुठलीही कळ दाबली तरी तीच चूक पुन्हा येते, कारण वॉर्म बूट होताना (स्वतःला पुन्हा सुरू करताना) ती त्याच नसलेल्या ड्राइव्हवर परत जायला बघते. रीसेट दाबा, विषय संपला.

सोळा ड्राइव्हही पुरत नसतील तर लॅपटॉपवर वेगवेगळे संग्रह ठेवा आणि लागेल ती इमेज लागेल त्या क्रमांकाने कार्डावर टाका. खेळांची एक, पास्कलची एक, कॉलेजच्या प्रोजेक्टची एक. माझ्या मते हीच या जातीच्या बोर्डाची खरी मजा आहे.

रोमडब्ल्यूबीडब्ल्यू : स्लाइस आणि अक्षरं

इथे कार्डाचे ८ एमबीचे सलग काप पडतात, त्यांना स्लाइस म्हणतात. एका कार्डावर २५६ पर्यंत स्लाइस चालतात, म्हणजे २ जीबी. अक्षरं सोळाच असली तरी कोणत्या अक्षराला कोणता स्लाइस जोडायचा हे चालू सत्रात बदलता येतं.

मांडणीचे दोन प्रकार आहेत. जुना एचडी५१२, त्यात डिरेक्टरीच्या ५१२ ओळी आणि स्लाइस ८,३२० केबीचा. नवा एचडी१के, त्यात १,०२४ ओळी आणि स्लाइस बरोबर ८ एमबीचा. एका कार्डावर दोन्ही नांदत नाहीत. नव्याने सुरू करताय तर डोळे झाकून एचडी१के घ्या.

फर्मवेअरच्या पॅकेजमध्ये 'कॉम्बो' नावाची तयार इमेज असते. १ जीबी किंवा मोठ्या कार्डावर ती विन३२ डिस्क इमेजर किंवा बलेना एचरने चढवा. पहिल्या काही स्लाइसमध्ये सीपी/एम २.२, झेडएसडॉस, सीपी/एम ३ अशा वेगवेगळ्या सिस्टिम भरलेल्या असतात. त्यापुढचे स्लाइस म्हणजे तुमची मोकळी जमीन, पण नांगरलेली नाही.

बोर्ड चालू केला की उपकरणांची यादी येते. त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश 'आयडीई०' आणि एसडी कार्ड 'एसडी०' अशा नावांनी दिसतं. नाव टिपून घ्या. सीपी/एममध्ये शिरल्यावर नुसतं 'असाइन' दिलं की सध्या कोणतं अक्षर कुठे जोडलंय ते दिसतं. आता समजा एसडी कार्डाचा १० क्रमांकाचा स्लाइस जी-ला जोडायचा आहे. 'असाइन', जागा, 'जी:', बरोबरचं चिन्ह, 'एसडी०:', आणि १०. स्लाइसची मोजणी शून्यापासून, हे ध्यानात ठेवा.

जोडला म्हणजे वापरायला तयार झाला असं नाही. कोऱ्या स्लाइसमध्ये डिरेक्टरीच्या जागी कार्डावर पूर्वी जे होतं तेच पडलेलं असतं. 'सी-एल-आर-डी-आय-आर' ही आज्ञा जी: वर चालवा, ती डिरेक्टरी कोरी करते. भरलेल्या स्लाइसवर चालवली तर त्याचीही कोरी करते, म्हणून खात्रीचा प्रश्न आला की अक्षर पुन्हा वाचूनच होकार द्या.

असाइनने केलेली जोडणी रीसेटनंतर टिकत नाही. रोजची जोडणी कायम हवी असेल तर त्या ओळी बूट ड्राइव्हवर 'प्रोफाइल' नावाच्या, 'सब' शेपटीच्या फाइलीत लिहून ठेवा. 'सबमिट' हा प्रोग्रामही त्याच ड्राइव्हवर असावा. अलीकडच्या आवृत्त्या चालू होताना ती फाइल आपोआप चालवतात.

ग्रँट सर्ल यांच्या मांडणीचं काय? तिथे बायोस ६४ किंवा १२८ एमबीच्या कार्डासाठी बांधलेला असतो. ६४ वाला ८ ड्राइव्ह दाखवतो, १२८ वाला १६. ६४ वाला बायोस चालू असेल तर १२८ चा चढवा आणि त्याच संचातला 'फॉरमॅट' चालवा. तो जुन्यांसकट सगळ्याच ड्राइव्हच्या डिरेक्टरी कोऱ्या करतो, म्हणून आधी नक्कल हवीच. त्यापलीकडे जागा हवी असेल तर सरळ रोमडब्ल्यूबीडब्ल्यूकडे वळा. बोर्डवर ५१२ केबी रॉम आणि ५१२ केबी रॅमचं मॉड्यूल लागेल.

८ एमबी भरायच्या आधीच 'फुल'?

ड्राइव्ह भरला असं सीपी/एम म्हणते आणि स्टॅट मात्र भरपूर जागा दाखवतो, असं झालं तर डिरेक्टरीच्या ओळी संपल्या आहेत. ८ एमबीच्या ड्राइव्हवर बहुधा ४ केबीचा ब्लॉक असतो. शंभर बाइटची फाइलही ४ केबी खाते आणि डिरेक्टरीची एक ओळ खाते. ५१२ ओळी असतील तर ५१२ छोट्या फाइलींनी ड्राइव्ह 'भरतो', तेव्हा प्रत्यक्षात २ एमबीच वापरलेले असतात. मोठ्या फाइलीला दर ३२ केबीमागे एक ओळ लागते, त्यामुळे मोठ्या फाइलींना ही अडचण येत नाही.

उपाय दोन. छोट्या फाइली एका लायब्ररी फाइलमध्ये बांधून ठेवा, त्यासाठी एनयूएलयू नावाचा जुना प्रोग्राम आहे. किंवा छोट्या फाइलींसाठी वेगळा ड्राइव्ह राखा. 'यूझर' आज्ञेने ० ते १५ असे कप्पे पाडता येतात, नीटनेटकेपणाला ते छान. पण ओळी त्याच डिरेक्टरीतून जातात, तेव्हा जागेच्या प्रश्नावर त्याचा उपयोग शून्य.

नव्या ड्राइव्हवर माल न्यायचा कसा

सिरियल केबलवरून एक्समोडेम या फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने नेता येतं. टेराटर्म किंवा मिनिकॉम वापरा, पुटीमध्ये एक्समोडेम नाही. १,१५,२०० बॉडला सेकंदाला जेमतेम साडेअकरा केबी जातात, म्हणजे पूर्ण ८ एमबीला किमान बारा मिनिटं, प्रत्यक्षात बरीच जास्त. ९,६०० बॉडला अडीच तासांच्या आसपास. एखाद-दुसऱ्या प्रोग्रामला ठीक आहे.

ढीगभर फाइली असतील तर इमेजवाल्यांनी लॅपटॉपवर सीपीएमटूल्स घालावं. इमेजच्या आत थेट फाइली टाकता येतात, फक्त मांडणीचं नाव बरोबर द्यावं लागतं. ए ड्राइव्हसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरं. चुकीचं नाव देऊन वाचलं तर फार तर कचरा दिसतो, चुकीचं नाव देऊन लिहिलं तर इमेज खराब होते. म्हणून आधी यादी बघा, नावं नीट दिसली तरच लिहा. रोमडब्ल्यूबीडब्ल्यूवाल्यांना त्याहून सोपं : कार्डावरच्या फॅट विभागात लॅपटॉपवरून फाइली टाका आणि बोर्डवर 'फॅट' नावाच्या प्रोग्रामने त्या हव्या त्या ड्राइव्हवर ओढून घ्या.

लाइट, उन्हाळा आणि ५ व्होल्ट

आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि सीपी/एमला अर्धवट राहिलेलं काम सावरता येत नाही. फाइलची शेवटची नोंद ती बंद होताना डिरेक्टरीत जाते. मोठी फाइल उतरत असताना करंट गेला तर ती रिकामी किंवा अर्धवट राहते. बोर्डाला लॅपटॉपच्या यूएसबीवरून ५ व्होल्ट दिलेत तर लॅपटॉपची बॅटरी हाच तुमचा इन्व्हर्टर. डेस्कटॉपवाल्यांनी बोर्ड पॉवर बँकेवर चालवावा. काही पॉवर बँका करंट कमी ओढला की आपोआप बंद पडतात, तेवढं तपासून घ्या.

वाचायला कार्ड चालतं पण लिहिताना चूक येते, असं असेल तर कार्डाच्या आधी व्होल्टेज मोजा. एसडी कार्ड ३.३ व्होल्टवर चालतं, लिहिताना जास्त करंट ओढतं. बाजारातल्या निळ्या एसडी मॉड्यूलवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो आणि त्याला वर साधारण १.१ ते १.३ व्होल्टची उसंत लागते. हलक्या केबलमधून बोर्डावर ४.४ व्होल्टच पोचत असतील तर रेग्युलेटर धापा टाकणारच. मल्टिमीटरवर ४.७५ च्या वर हवं. केबल बदलली की बऱ्याचदा 'खराब' कार्ड बरं होतं. रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर नसलेल्या नुसत्या सॉकेटला मात्र ५ व्होल्ट कधीच जोडू नका, कार्ड जागीच जाईल.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि बोर्डावर ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर ही जोडी नको. वरचे ७ व्होल्ट नुसती उष्णता होऊन जातात. सॉकेटमधल्या धुळीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. तोंडाने फुंकर मारू नका.

शेवटची तपासणी

नव्या ड्राइव्हवर 'पिप' वापरून एखादी मोठी फाइल कॉपी करा, आणि आज्ञेच्या शेवटी चौकटी कंसात 'व्ही' द्या. पिप लिहिलेलं परत वाचून ताडते. मग बोर्ड पूर्ण बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा चालू करून ती फाइल चालवून बघा. नुसत्या रीसेटवर विश्वास ठेवू नका, करंट काढूनच बघा. प्रत्येक नव्या ड्राइव्हसाठी हे एकदा करायचं.

सगळं चाललं की कार्डाची नवी इमेज घ्या आणि कोणत्या अक्षरावर किंवा स्लाइसवर काय आहे ते एका कागदावर लिहून बोर्डाच्या डब्यात ठेवा. सीपी/एम २.२ ड्राइव्हला नाव देत नाही. पाच-सहा ड्राइव्ह झाले की एफवर खेळ आहेत का जीवर, हे तुमच्या डोक्यात राहणार नाही.